डाव्या चाकाची जाळी

भाऊबीजेच्या दिवशी अनुपमानं कशेडी घाटात नवऱ्याच्या गाडीतून उतरून एसटीला हात केला होता. घाट उतरताना पुढच्या चाकांतून धूर निघाला आणि गाडीत असा जळका वास भरला, की गाडी चालवणाऱ्या दीपकलाही ठसका लागला. "काही नाही गं, ब्रेक जरा तापलेत," असं तो म्हणेपर्यंत बाईसाहेब फराळाचा डबा घेऊन रस्त्याच्या कडेला उभ्या! तेव्हापासून खेडजवळच्या माहेरी ती जायची ती एसटीनं, आणि दीपक एसटीच्या मागोमाग रिकामी गाडी घेऊन जायचा. सासुरवाडीची माणसं दोघांना वेगवेगळं उतरताना बघायची आणि हळूच विचारायची, "भांडलात का पुन्हा?"

आता तिच्या भावाचा साखरपुडा ठरला होता. या खेपेला तरी बायको शेजारच्या सीटवर बसली पाहिजे, एवढीच दीपकची इच्छा होती. अनुपमा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, त्यामुळे तिनं अट घातली ती फळ्यावर लिहिल्यासारखी.

"आधी ब्रेक बदला. मग मी बसेन. पण घाटात जळका वास आला तर तिथल्या तिथे उतरेन, आणि पुन्हा जन्मात या गाडीत बसणार नाही. कळलं?"

"कळलं," दीपक म्हणाला.

ब्रेक बदलायचे म्हणजे खरं तर महाडला साहिलच्या गॅरेजवर जायचं, साध्या डिस्क, म्हणजे चाकांच्या आतल्या लोखंडी चकत्या, टाकायच्या, चहा पिऊन घरी यायचं. पण सरळ रस्त्यानं जाईल तो दीपक कसला? एमआयडीसीत एका कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करणारा माणूस. तो भजीसुद्धा तपासून खातो. त्यात गाड्यांच्या शौकिनांच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपात तो शिरलेला. तिथली मंडळी सुट्टीच्या दिवशी रेसच्या ट्रॅकवर गाड्या पळवतात आणि ब्रेकबद्दल असं बोलतात, जसं आपण जावयाबद्दल बोलतो. दीपकनं महिनाभर वाचन केलं आणि साहिलसमोर जाहीर केलं, "डिस्क अशी पाहिजे की रोडलाही चालेल आणि ट्रॅकलाही."

"कुठल्या ट्रॅकला?" साहिलनं विचारलं.

"जाईन की कधीतरी."

"भावा, तू पोलादपूरच्या पुढं चौथा गिअर टाकत नाहीस." साहिल हात पुसत म्हणाला. "हे बघ, रोडला साधी डिस्क बेस्ट. ट्रॅकचा एवढाच कंड असेल तर चरे पाडलेली घे. भोकांवाली दिसायला भारी, पण ट्रॅकवर लालभडक तापली की भोकांपाशी तडे जातात. आणि खरी गंमत डिस्कपेक्षा तिला दाबणाऱ्या पॅडमध्ये असते."

दीपकनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि भोकांवाली मागवली. कारण विचारलं तर म्हणाला, पाणी आणि वाफ भोकांतून निघून जाते, घाटात पावसाळ्यात बरं. ट्रॅकचं नाव पुढं करून माणूस बायकोच्या माहेरच्या रस्त्याचाच विचार करत होता, पण हे कबूल करायला त्याला लाज वाटत होती.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण दुकानदारानं डाव्या चाकाची डिस्क आधी पाठवली आणि उजवीचं पार्सल मागं राहिलं. डावी आली तेव्हा दीपक कामावर होता, अनुपमा शाळेच्या मीटिंगला होती आणि घरात होत्या त्याच्या आई, रंगूबाई.

मे महिना सरत आलेला, रंगूबाईंची अगोटची तयारी जोरात. पाऊस लागायच्या आत सुकट, बोंबील, लाकडं, पापड सगळं घरात पडायला हवं. गॅस आहे घरात, पण बोंबील भाजायचे ते मागीलदारी चुलीवरच. आणि त्यांची भाजायची जाळी गंजून तुटली होती. "महाडास्नं येताना एक जाळी आण रे," असं त्या होळीपासून सांगत होत्या, आणि "आणतो, आये, आणतो," असं दीपक होळीपासून म्हणत होता.

तर रंगूबाईंनी खोकं उघडलं. आत काय? जाडजूड, गोल, लोखंडाची, नक्षीदार भोकं पाडलेली वस्तू! त्यांनी ती चुलीवर ठेवून पाहिली. अशी चपखल बसली, की जणू चुलीचं माप घेऊन केली असावी. रंगूबाईंचे डोळेच भरून आले.

"बघ गो सुंदरा," त्यांनी शेजारच्या सुंदराबाईंना बोलावून दाखवलं, "लोक म्हनतात माझा पोर विसरभोळा हाय. कशी दमदार जाळी धाडलीन! नातवंडांच्या लग्नात पन भाजतील हिच्यावर."

त्या दिवसापासून घरात रोज भाजलेले बोंबील. दीपक ताटावर बसला की आई म्हणायची, "जाळी लय झ्याक हाय हां." जाळी अनुपमानं आणली असावी असं समजून तो नुसता हं म्हणायचा आणि जेवण झालं की कुरियरवाल्याला फोन लावून भांडायचा.

"डिलिव्हर झालंय म्हणता? मग काय माझ्या घरच्यांनी भाजून खाल्लं?"

हे तो हातात बोंबील धरून म्हणाला होता!

मग एके दिवशी पाण्याचा तांब्या भरायला तो मागीलदारी गेला आणि तिथेच थिजला. चुलीवर त्याची महिनाभराची मेहनत तापत होती आणि तिच्यावर चार बोंबील तडतडत होते.

"आये! हे काय केलंस?"

"काय केलं म्हंजे? तूच तर आनलीस."

"ती ब्रेकची डिस्क हाय गो, गाडीची!"

रंगूबाईंनी आधी डिस्ककडं पाहिलं, मग मुलाकडं. त्यांचा चेहरा असा उतरला, की दीपकला डिस्कपेक्षा त्याचंच वाईट वाटलं. "म्हंजे तू जाळी नव्हतीस आनली," त्या हळूच म्हणाल्या आणि चिमट्यानं बोंबील उचलू लागल्या.

साखरपुडा तोंडावर आलेला. उजवी डिस्क एव्हाना आली होती, पण डावी नवी मागवायला वेळ नाही. माणूस कात्रीत सापडला की त्याला शहाणपण सुचत नाही, युक्त्या सुचतात. रंगूबाईंनी राखेनं आणि चिंचेनं डिस्क लख्ख घासून दिली, आणि "अनुपमाला बोलू नको हां," असं आईला बजावून दीपक ती साहिलकडं घेऊन गेला. साहिलनं डिस्क हातात घेतली, उलटसुलट केली, वास घेतला आणि आत निघून गेला. गाडी परत दिली तेव्हा त्याला हसू आवरत नव्हतं.

नव्या डिस्कवर पॅड नीट बसावेत म्हणून गाडी पळवायची, ब्रेक दाबून हळू करायची, पुन्हा पळवायची, असं बरेचदा करावं लागतं. दीपकनं ते मोकळ्या रस्त्यावर केलं. मागून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढून विचारलं, "आरं, गाडी चालवतोस का फुगडी घालतोस?" पण ब्रेक मात्र झकास लागले. दीपक खूश होऊन घरी आला. गाडी अंगणात लावली आणि पाच मिनिटांत वाडीतली तीन मांजरं येऊन डाव्या चाकापाशी बसली. एकानं तर चाक चाटायला सुरुवात केली.

"यांना काय झालंय?" अनुपमानं विचारलं.

"सावली आहे तिथं," दीपक म्हणाला. ऊन नेमकं डाव्याच बाजूला होतं.

साखरपुड्याच्या दिवशी अनुपमा खरोखर शेजारच्या सीटवर बसली. मागं भागोजी, म्हणजे दीपकचे वडील, आणि मांडीवर गाठोडं घेतलेल्या रंगूबाई.

"बोगदा झालाय ना आता?" भागोजी म्हणाले. "मंग घाटात कशाला मरायला?"

"बोगद्यातून गेलो तर ब्रेक दाखवू कुठं, आबा?"

"घाटातूनच घ्या," अनुपमा म्हणाली. "अट घाटाची होती."

चढ छान गेला. उतार लागला. दीपकनं ब्रेक दाबला, गाडी गुमान हळू झाली. अनुपमानं दरवाज्यावरची कडी घट्ट धरलेली होती. पुढं एक ट्रक रांगत होता, त्याच्या मागं सारखा ब्रेक लावावा लागला. आणि मग तो आला. आधी बारीक, मग चांगला दरवळत. चुलीवर भाजलेल्या बोंबलाचा वास!

दीपकनं काच वर केली, मग खाली केली, मग पुन्हा वर केली. अनुपमानं नाक वर करून दोनदा हुंगलं.

"गाडी बाजूला घ्या."

संपलं, असं म्हणत दीपकनं गाडी कडेला घेतली. "अनू, ऐक ना. डिस्क चांगली आहे. फक्त ती... म्हणजे आयेनं..."

"तिच्यावर बोंबील भाजले. माहीत आहे मला."

"तुला कुणी सांगितलं?"

"अहो, शिक्षिका आहे मी. खोक्यावर काय लिहिलंय ते पहिल्याच दिवशी वाचलं. साहिलभाऊंना मीच फोन केला, की डिस्क नीट साफ करा, तपासा आणि मगच बसवा. ते म्हणाले, ब्रेक एकदम पक्के आहेत, भोकांतला वास मात्र दोन-चारदा तापल्याशिवाय जायचा नाही."

"मग मला का नाही बोललीस?"

अनुपमानं मागं वळून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आई सगळ्या वाडीला बोलावून ती जाळी दाखवत होत्या. माझ्या दीपकनं आठवणीनं धाडली म्हणून. कुठल्या तोंडानं सांगू?" मग थोडं थांबून म्हणाली, "आणि तुमचा तो ट्रॅक कुठं आहे, तेही मला माहीत आहे. माझ्या माहेरीच जातो ना तो?"

दीपकनं आरशात मागं बसलेल्या आईकडं पाहिलं.

"उतरतेस का मग?" त्यानं कसंबसं विचारलं.

"मी जळका वास म्हटलं होतं. हा जळका कुठाय? चांगला खरपूस आहे." ती मागं वळली. "आई, गाठोड्यात भाकरी आहे ना?"

"हाय की गो! कांदा पन हाय." रंगूबाईंनी लगबगीनं गाठ सोडली. गाडी कडेला उभी राहिली आणि चौघांनी नुसत्या वासाबरोबर तांदळाची भाकरी खाल्ली. निघताना अनुपमा पुन्हा पुढंच बसली. या वेळी तिनं कडी धरली नाही.

"येतानाही घाटातूनच येऊ हं," ती म्हणाली.

दीपकनं खुशीत गाडी सुरू केली. तेवढ्यात मागून रंगूबाई म्हणाल्या, "दीपक, उद्या महाडास्नं येताना माझी जाळी तेवढी आन रे."

"आणतो, आये, आणतो."

भागोजींनी मिशीवरचा भाकरीचा कण पुसला आणि बायकोकडं वळून म्हणाले, "तू त्याची वाट बघू नको गो. उजवं चाक हाय अजून."