कंटाळ्याला बंदी

एका जंगलात, मुलांनो, मनातलं काहीही सांगायला एकच शब्द पुरत असे. तो शब्द म्हणजे कंटाळा.

हरणाला शर्यतीची भीती वाटली, की ते म्हणे, आज पळायचा कंटाळा आलाय. माकडीण नवऱ्याशी भांडली, की शेजारच्या झाडावर जाऊन म्हणे, घरी बसून कंटाळा आला. मग ऐकणाऱ्यानं थोडं सरकून जागा करून द्यायची आणि पुढे काही विचारायचं नाही, अशी तिथली रीत होती.

त्या जंगलात साळिंदर पंडित राहत. ते फार शिकलेले होते, त्यामुळे त्यांना कशाचीच खात्री नसे. शंका आली की त्यांचे काटे उभे राहत, आणि शंका तर सारखीच येई. बायको गेल्यापासून ते रोज संध्याकाळी तळ्याकाठी कासवतात्यांकडे जात.

"का हो पंडित?"

"काही नाही. कंटाळा आला होता."

"बसा. काटे तेवढे पलीकडे ठेवा," असं म्हणून तात्या खडकावर चांगलेच सरकत. मग दोघे पाण्याकडे बघत बसत.

एकदा सिंहमहाराज दूरच्या एका मोठ्या जंगलात पाहुणचाराला गेले आणि ओशाळून परत आले. तिकडे म्हणे प्रत्येक भावनेला वेगळा शब्द होता. त्यांनी लगेच हुकूम काढला की आजपासून कंटाळा बंद. ज्याला जे वाटतं ते त्यानं नेमकं सांगावं. नेमकेपणा तपासायला त्यांनी पंडितांना नेमलं. हे आपल्याला जमेल का, अशी शंका पंडितांना आली. पण नाही म्हटलं तर घुबडाला नेमतील, अशीही आली. ते हो म्हणाले.

सशानं अस्वलाला नेमकं सांगितलं, की तुम्ही गाता म्हणून मी बारशाला आलो नाही. अस्वलानंही सशाला नेमकं सांगितलं, की तुम्हाला बोलवायचं मुळात नव्हतंच. माकडिणीनं नवरा काय म्हणाला ते शब्दन् शब्द सांगितलं. नवरा वरच्याच फांदीवर होता. पंडित मान डोलवत आणि 'नेमकं आहे' म्हणत. हळूहळू जंगलात कोणी कोणाकडे जाईनासं झालं.

संध्याकाळी पंडित तळ्यावर गेले.

"का हो पंडित?"

नेमकं उत्तर पंडितांना ठाऊक होतं. तुमच्याशिवाय मला संध्याकाळ काढवत नाही, हे ते उत्तर. पण या वयात कासवाला असं कसं म्हणायचं? आणि दुसऱ्या शब्दाला तर बंदी, तीही पाळली जाते का हे बघणारे ते स्वतःच. काटे ताठ उभे राहिले. पाणी किती आहे ते बघायला आलो होतो, असं पुटपुटून ते माघारी फिरले. दुसऱ्या दिवशी ते गेले नाहीत. नंतरही नाहीत.

मग एक दिवस महाराज दरबारात आलेच नाहीत. राणीसाहेबांनी पंडितांना गुहेत बोलावलं. महाराज भिंतीकडे तोंड करून बसले होते.

"पंडित, मी विनोद सांगितला की सगळे हसायचे," महाराज म्हणाले. "काल मी विचारलं, का हसता? त्यांनी नेमकं सांगितलं. आता दरबारात जावंसंच वाटत नाही. याला काय म्हणायचं?"

पंडितांच्या जिभेवर बरेच शब्द आले. सगळे अचूक होते. त्यांनी महाराजांच्या उतरलेल्या आयाळीकडे पाहिलं आणि ते सगळे गिळून टाकले. चुकलं तर नेमणूक जाणार होती, कदाचित मानही.

"महाराज," ते म्हणाले, "तुम्हाला कंटाळा आलाय."

महाराजांनी लांब श्वास सोडला. "तेच. अगदी तेच."

पंडित थोडे सरकले. महाराज त्यांच्याशेजारी येऊन बसले. बंदी तिथेच उठली.

संध्याकाळी पंडित जवळजवळ धावतच तळ्यावर गेले.

"बरेच दिवस दिसला नाहीत," तात्या म्हणाले.

"यायचा कंटाळा केला."

"आणि आज?"

"आज कंटाळा आला."

तात्यांनी नीट निरखून पाहिलं. पंडितांचे काटे आज पाठीवर निजलेले होते. म्हणून तात्या नेहमीपेक्षा कमीच सरकले.

तात्पर्य : मनात असेल ते मित्राला नेहमी स्पष्ट सांगावे. तसे सांगायचा कंटाळा आला असेल, तर तेवढेच सांगावे. बाकीचे त्याला कळते.