मीठ सोडलं, क्लोरीन धरलं

घरचा स्विमिंग पूल मिठाच्या पाण्यावरून साध्या क्लोरीनवर आणायला बाहेरचा माणूस लागतो, असं ज्यांना वाटतं त्यांची मला कीव येते. म्हणजे गेल्या सोमवारपर्यंत येत होती.

मिठाने पुलाची शिडी गंजत चालली होती आणि मिठापासून क्लोरीन बनवणारं यंत्र दर आठवड्याला रुसत होतं. पूलवाला फोनवर म्हणाला, "यंत्र बंद करा. पाणी तेच राहू द्या. रोज एक माप क्लोरीन टाका आणि गप्प बसा. येऊ का करायला?"

"एवढ्यासाठी कशाला येता?" मी म्हणालो. त्यातलं गप्प बसायचं मी ऐकलंच नाही.

घाई सासऱ्यांमुळे होती. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी त्यांना रोज अर्धा तास पाण्यात चालायला सांगितलेलं. पूल माझ्या साडूकडेही आहे, पण मी शब्द टाकून त्यांना आमच्याकडे आणलं होतं. इथे जमलं नाही तर शुक्रवारी साडू त्यांना न्यायला येणार होता, आणि मग पुढची दहा वर्षं प्रत्येक जेवणात मला हे ऐकायला लागणार होतं.

सोमवारी यंत्र बंद केलं, एक माप टाकलं आणि पाच मिनिटांनी तपासलं. तपासणी सोपी. नळीत पुलाचं पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे. गुलाबी झालं तर क्लोरीन आहे, नाही झालं तर नाही. पाणी फिकट गुलाबी झालं. आता मला फिकट कामं आवडत नाहीत. आणखी दोन मापं टाकली. चहा होईपर्यंत चैन पडेना, म्हणून आणखी दोन.

मंगळवारी सकाळी सासरे पोहायची चड्डी घालून, खांद्यावर टॉवेल टाकून काठावर हजर.

"आज?"

"संध्याकाळी, बाबा."

कारण नळी क्षणभर गुलाबी व्हायची आणि लगेच पांढरी, म्हणजे बिनरंगाची. रंग नाही म्हणजे क्लोरीन नाही! हे पाणी क्लोरीन पितं की काय? मी चार मापं टाकली. तपासलं. पांढरं. सहा टाकली. पांढरं. रात्री उशीवर डोकं टेकलं की पाणीच दिसायचं.

"अहो, तुमच्या निळ्या शर्टाची एकच बाही पांढरी कशी?" बायकोने विचारलं.

"तुझी धुण्याची पावडर बदल," मी म्हणालो आणि त्याच बाहीने पुन्हा नळी बुडवायला धावलो.

बुधवारी अर्धा डबा रिकामा झाला. काठावर उभं राहिलं की डोळ्यांतून पाणी यायचं. ते काळजीचं असावं असं मी धरून चाललो.

गुरुवारी सासऱ्यांनी माझा दंडच धरला. "जावईबापू, जरा थांबा. ही नळी द्या."

त्यांनी पुलाच्या एका भागात नळाच्या पाण्याचे नऊ भाग मिसळले आणि थेंब टाकले. नळी बीटरूटसारखी लालभडक झाली.

"क्लोरीन इतकं झालंय की ते औषधाचा रंगच खाऊन टाकतंय. तीस वर्षं पाणी तपासायची नोकरी केली मी."

"मग बाबा, सोमवारीच सांगायचं ना!"

"सांगणार कधी? तुम्ही एका जागी सापडाल तर ना. आता पुलावरचं आच्छादन काढूनच ठेवा, उन्हाने क्लोरीन उडून जाऊ द्या, आणि चार दिवस काही करू नका."

"काहीच नाही? थोडं ढवळू तरी?"

"बसा."

बायकोने डबा कपाटात घालून किल्ली कमरेला लावली. मी खुर्चीत बसलो. पाय हलत होते, ते सासऱ्यांनी नजरेनेच थांबवले. ते शेजारच्या खुर्चीत बसले. तासाभराने मला कळलं की आमच्या अंगणात पक्षीही येतात. लग्नानंतर बारा वर्षांत आम्ही दोघं पहिल्यांदाच बोलत होतो.

शुक्रवारी साडूची गाडी फाटकात उभी राहिली. माझं तोंड एवढंसं झालं. गेले सासरे!

त्यांनी खुर्चीतूनच हात हलवला. "तू जा परत. मी सोमवारपर्यंत राहतोय."

"पण बाबा, इथे तर पाण्यात पायही घालता येत नाही," साडू म्हणाला.

"पाण्याचं काय, ते तुझ्याकडेही आहे," सासरे म्हणाले. "पण हा मुलगा बसलाय रे. हा पुन्हा कधी बघायला मिळणार?"

मी उठून काहीतरी बाणेदार बोलणार होतो. पण उठायला परवानगी नव्हती.