भिमाजीचा फोटो

नियाजच्या चांदवडच्या स्टुडिओत रावजी आला तो डोकं भादरून. "भिमाजीभाऊ गेला," तो म्हणाला. "दहाव्याला फोटो पायजे. उन्हाळ्यात तूच काढला व्हता ना?"

नियाजने खोक्यातून फोटो शोधून काढला. भिमाजीने जन्मात काढून घेतलेला तो एकच फोटो. नियाज तेव्हा सावलीचित्राची करामत नुकती शिकला होता. मावळता सूर्य माणसाच्या बरोबर पाठीमागे घ्यायचा, फ्लॅश बंद, उजेडाचं माप आभाळावर धरायचं आणि माणूस एका बाजूला तोंड करून उभा करायचा. भिमाजी बांधावर उभा होता. आभाळ केशरी, भिमाजी कोळशासारखा.

रावजीने फोटो उलटसुलट करून पाहिला. "ह्यात भाऊ कुठंय?"

"हा काय. नाक बघा ना!"

"नाक दिसतंय. त्वांड कुठंय?"

नियाजने अंधाऱ्या खोलीत खटपट केली. भिमाजी काळ्याचा करडा झाला, पण डोळे काही उघडेनात. फिल्मवर जे उतरलंच नव्हतं ते कागदावर कुठून येणार? शेवटी तोच बोलून गेला, "तुमचा चेहरा डिट्टो त्यांच्यासारखा आहे."

रावजीने भावाचा फेटा बांधला. नियाजने दोन्ही दिवे लावले. सावलीचा ठिपका राहू दिला नाही.

फोटो छान आला, तोच घात झाला. दहाव्याला रावजीची सासू देवळ्याहून आली. हार घातलेला जावई पाहून तिने दारातच हंबरडा फोडला. तेवढ्यात रावजी तांब्या घेऊन बाहेर आला आणि ती जागीच आडवी झाली. मागून आलेली माणसं रावजीच्या बायकोचं सांत्वन करून गेली.

चार दिवसांनी रावजीने नियाजला बोलावून घेतलं. "आधी हा उतरव. रोज मलाच उदबत्ती. झोप उडालीय माझी."

नियाज स्टुलावर चढून फोटो खिळ्यावरून सोडवू लागला, तोच भिमाजीची बायको भागीबाई दिवा घेऊन आली. तो गुपचूप खाली उतरला. तिने दिवा ठेवला, पदर सावरला आणि फोटोकडे बघत विचारलं, "जेवले का?"

"जेवलो, वहिनी," ओट्यावरून रावजी सवयीने बोलून गेला.

भागीबाईने मान वळवली नाही. मग फोटोलाच म्हणाली, "आज मीठ जास्त पडलं व्हतं."

रावजी ओट्यावरूनच म्हणाला, "नाय. बरूबर व्हतं."

नियाजने हात उंचावून तिरका झालेला फोटो बोटाने सरळ केला, स्टूल कोपऱ्यात ठेवलं आणि चपला घातल्या.