अध्यक्षबाईंच्या बाल्कनीतला झेंडा

इमारतीचा झेंडा खांद्यावर घेऊन बास्केटबॉलचा सामना बघायचा नसतो, हे ल्युडविकासला चांगलं ठाऊक होतं. पण लिथुआनियाचा सामना, तोही अटीतटीचा, आणि बायको जिन्याजिन्यानं पत्रकं वाटत फिरत होती. शेवटच्या सेकंदाला चेंडू आत गेला, ल्युडविकास उडाला, आणि मांडीवरचं बिटाचं गार सार झेंड्याच्या पिवळ्या पट्ट्यावर सांडलं. पिवळ्याचा गुलाबी झाला.

त्याची बायको दांगुओले त्या साठ बिऱ्हाडांच्या इमारतीची अध्यक्ष. झेंडा तिच्या कपाटात इस्त्री करून ठेवलेला असायचा. ठरलेल्या दिवशी तो दारावर लावला नाही तर दंड, म्हणून ती त्याला जिवापाड जपायची. तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी ती ग्रंथालयात कामाला गेल्यागेल्या ल्युडविकासनं तो घासून धुतला आणि पाचव्या मजल्यावरच्या बाल्कनीच्या कठड्याला बाहेरून लावला. पाणी होतंच, म्हणून स्वतःचे काळे लांब मोजेही धुऊन वरच्या टोकाला चिमट्यानं अडकवले. मग टोपली उचलून स्वारी जंगलात अळंबी वेचायला गेली. संध्याकाळपर्यंत वाळेल, कुणाला पत्ता लागणार नाही, असा साधा सरळ हिशोब.

आठ वाजता तळमजल्यावरचे तेओफिलिस मास्तर पाव आणायला निघाले. शाळेत चाळीस वर्षं भूगोल शिकवून ते निवृत्त झाले होते आणि आता सगळ्या जगाकडे लक्ष ठेवून असत. त्यांनी सहज वर पाहिलं. अध्यक्षबाईंच्या बाल्कनीत झेंडा, त्याला काळी फीत. म्हणजे कुणीतरी गेलं. नगरपालिकेची पत्रं अध्यक्षबाईंनाच येतात, त्यांना माहीत असणारच. पण कुणाला विचारायचं म्हणजे मास्तरांना माहीत नाही असं झालं असतं. ते मुकाट्यानं घरी परतले, कॅलेंडर उलटसुलट पाहिलं आणि आपल्या खिडकीत झेंडा लावून त्याला काळी फीत बांधली.

मास्तरांनी लावला म्हटल्यावर वरच्या पेत्रोनेलेआजींनी लावला. ते पाहून शेजारच्या इमारतीच्या अध्यक्षांची पाचावर धारण बसली, गेल्या वर्षीचा दंड त्यांच्या लक्षात होता. दहापर्यंत दोन्ही बाजूच्या इमारती, अकरापर्यंत कोपऱ्यावरची शाळा. विचारलं मात्र एकानंही नाही. आपल्याकडे शेजाऱ्याला असलं काही विचारत नाहीत, त्याचं बघून करतात.

दुकानातल्या रांगेत मात्र तोंडं सुटली.

“अमेरिकेत काही झालं का हो, मास्तर?” पेत्रोनेलेआजींनी विचारलं.

“अमेरिकेत रोजच होतं. त्याला झेंडा लावायचा तर खाली कधी उतरवणार?”

“मग सीमेपलीकडच्यांनी काही केलं असेल. पण रेडिओवर तर नुसती गाणी चाललीत.”

“तेच तर,” मास्तर आवाज खाली आणून म्हणाले, “गाणी लावलीत म्हणजे लपवताहेत.”

झालं. दुपारपर्यंत दुकानातलं मीठ आणि मेणबत्त्या संपल्या. मास्तर घोंगडी आणि बॅटरी घेऊन इमारतीच्या तळघरात जाऊन बसले.

आता दांगुओलेचं. त्या दिवशी सहा वाजता तिनं अंगणात सभा बोलावली होती. जुन्या इमारतीच्या भिंतींना बाहेरून उबेचं अस्तर आणि वर नवं छप्पर, यासाठी सरकारी मदत मिळत होती. अर्जाची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती आणि साठातल्या एकतीस घरांच्या सह्या हव्या होत्या. चार वर्षांत तिच्या सभेला नऊच्या वर माणूस आलं नव्हतं. छप्पर गळायचं ते थेट तिच्या पलंगावर. मागचा सगळा हिवाळा नवराबायकोनं स्वयंपाकघरात शेगडीशेजारी झोपून काढला होता, आणि आणखी एक हिवाळा तसा काढायचा या विचारानंच तिला रडू यायचं. सगळ्यात मोठा विरोध मास्तरांचा. त्यांचं म्हणणं, जगाचं आधी काय ते ठरू दे, उद्या बाँब पडला तर नवी भिंत काय चाटायची?

साडेपाचला ती ट्रॉलीबसमधून उतरली आणि जागीच थांबली. रस्ताभर झेंडे, सगळ्यांना काळ्या फिती. कोण गेलं, कधी गेलं, तिला काहीच कळेना. पत्र आलं आणि आपण पाहिलंच नाही की काय, म्हणून तिनं पत्रपेटी उपसली. आत फक्त पिझ्झाची जाहिरात निघाली. मग तिनं वर पाहिलं. झेंडा लावलेला होता, फितीसकट. तीस वर्षांत पहिल्यांदाच नवऱ्यानं न सांगता एखादं काम केलं होतं. तिला त्याचा भलताच अभिमान वाटला. तिनं फोन लावला, पण तो बंद. अळंब्यांची आपली जागा कुणाला कळू नये म्हणून जंगलात तो फोन बंदच ठेवायचा.

सहाला ती खाली आली तर अंगणात मुंगीला शिरायला जागा नाही. बावन्न घरांतली माणसं हजर, कुणी बॅगा भरून, एकजण मांजर घेऊन. मास्तर घोंगडी पांघरून पुढेच उभे.

“अध्यक्षबाई, बोला आता एकदाचं,” ते म्हणाले.

“मी काय बोलणार, मास्तर? तुम्हाला सगळ्यांना माहीतच आहे.”

सगळ्यांनी गंभीरपणे माना हलवल्या. माहीत कुणाच्याच बापाला नव्हतं.

“दोन मिनिटं शांत उभं राहू या,” दांगुओले म्हणाली, कारण दुसरं काही सुचेना.

सगळे उभे राहिले. तेवढ्यात टोपली घेऊन ल्युडविकास फाटकातून आत आला. ही गर्दी बघून त्याचा चेहरा पडला. हळूच बायकोजवळ सरकून त्यानं विचारलं, “कोण गेलं गं?”

“मला काय विचारतोस? झेंडा तू लावलास.”

“मी लावला नाही, वाळत घातलाय. काल सार सांडलं त्याच्यावर.”

“आणि काळी फीत?”

त्यानं वर पाहिलं. “दांगुओले, ते माझे मोजे आहेत.”

तो कुजबुजला होता, पण इतक्या शांततेत ते दुसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं.

कुणी हसलं नाही. बावन्न घरांनी आधी मोज्यांकडे पाहिलं, मग आपापल्या बॅगांकडे. संपलं सगळं, दांगुओलेच्या मनात आलं. आता ही माणसं शिव्या घालत घरी जाणार, आणि आपण परत शेगडीशेजारी. तिचे डोळे भरून आले.

“मला वाटलंच होतं,” पेत्रोनेलेआजी म्हणाल्या. “मी आपली छपरासाठी आले.”

“आम्हीपण,” मांजरवाला घाईघाईनं म्हणाला. “छपरासाठीच.”

“मग मांजर कशाला आणलंत?”

“घरी एकटं राहत नाही ते.”

बघता बघता जो तो छपरासाठीच आलेला निघाला. मोज्यांना दोन मिनिटं मान दिली हे कबूल करण्यापेक्षा सही करणं सोपं होतं. पण हालेना कुणी. सगळे मास्तरांकडे बघत होते, आणि दांगुओलेचा जीव टांगणीला लागला. मास्तर अडले की सगळं अडणार.

मास्तर पुढे आले. ओठ निळे पडलेले.

“बाई, दुपारपासून तळघरात बसलो होतो,” ते म्हणाले. “जग बुडायचं तेव्हा बुडेल. पण तिथं गारठा फार आहे हो. तुमच्या त्या कामांच्या यादीत तळघर आहे का?”

“आहे ना,” दांगुओले म्हणाली. नव्हतं. तिनं कागद उलटा धरून तिथल्या तिथं लिहून टाकलं.

“मग दाखवा, सही कुठं करू?” मास्तरांनी सही केली आणि त्यांच्यामागे रांग लागली. पेन परत देताना ते तिच्या कानाशी वाकले. “आणि तो झेंडा आजचा दिवस राहू दे. उतरवलात तर लोक विचारत येतील, आता काय झालं म्हणून.”