घरात माणूस असताना बटण कशाला?

घरगुती सुतारकामात सुरक्षिततेची साधनं दोन प्रकारची असतात. एक प्रकार बाजारातून आणावा लागतो, दुसरा लग्न होऊन आपसूक घरात येतो. पहिल्यावर धूळ बसते, दुसरा ती पुसतो. त्यामुळे विचारी माणूस नेहमी दुसऱ्या प्रकारावर विसंबतो. माझा थोरला भाऊ, म्हणजे आमचा दादा, हा अत्यंत विचारी माणूस आहे.

निवृत्तीनंतर लोक गुडघ्यांची काळजी करतात. दादाने मागच्या खोलीत कारखाना काढला. गेल्या सहा वर्षांचं उत्पादन पुढीलप्रमाणे: पुस्तकांची एक मांडणी (पुस्तकं ठेवायची नाहीत), तीन स्टुलं (पैकी एकाचे चारही पाय जमिनीला लागतात) आणि भुसा (मोजदाद नाही). एवढ्या भांडवलावर दादा सोसायटीतल्या कोणत्याही सुताराला नावं ठेवू शकतो आणि ठेवतोही.

कारखान्याचा प्राण म्हणजे विजेची गोल करवत. मुळात ती हातात धरून चालवायची वस्तू. तिच्या मुठीला चाप असतो, त्यावरचं बोट काढलं की करवत थांबते. पात्यावर एक झाकणही असतं. ही दोन्ही भित्र्या गिऱ्हाइकांसाठी केलेली सोय आहे, असं दादाचं मत. त्याने एका जुन्या दाराचं टेबल केलं, त्याला खाच पाडून करवत खालून उलटी बसवली, म्हणजे पातं टेबलावर आलं. झाकण काढून टाकलं, कारण त्याच्यामुळे पातं दिसत नव्हतं. चाप सुतळीने आवळून बांधला, कारण टेबलाखाली वाकलं की कंबर धरते. संरक्षक चष्मा मात्र त्याने चांगल्यातला आणला आणि ओरखडे पडू नयेत म्हणून कपाटात जपून ठेवला. सहा वर्षांत त्या चष्म्याला कसलीही इजा झालेली नाही.

आता ही करवत आपणहून थांबणार नव्हती, आणि मागच्या खोलीतल्या पॉइंटला तिचा लोड झेपत नव्हता. म्हणून लांब वायर टाकून ती पॅसेजमधल्या मोठ्या पॉइंटला जोडली. दादा आत आणि स्विच बाहेर. तेव्हा स्विचपाशी कोणीतरी उभं राहणं ओघानेच आलं. वहिनी उभ्या राहिल्या.

या व्यवस्थेची नियमावली तोंडी, पण पक्की होती. ‘चालू’ म्हणजे चालू. ‘बंद’ म्हणजे बंद. ‘अगं’ म्हणजेही बंद, पण आधीच उशीर झालाय. नुसतीच आरोळी म्हणजे बंद करून कापूस घेऊन येणे. रजेची तरतूद नव्हती. ताप असेल तर उभं राहण्याऐवजी स्टुलावर बसायची सवलत होती (स्टूल दादाने बनवलेलं असल्यामुळे वहिनींनी ती कधी घेतली नाही). माझ्या हिशेबाने सहा वर्षांत वहिनींनी तो स्विच साडेचार हजार वेळा तरी दाबला असेल. कारखान्यात इतकी वर्षं बिनबोभाट चाललेला हा एकमेव भाग, आणि त्याला कधी तेलपाणी करावं लागलं नाही.

मध्यंतरी पंख्याच्या कामाला आलेल्या वायरमनने हा प्रकार पाहिला. तो आधी वायरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालून आला. मग म्हणाला, टेबलालाच एक मोठं लाल बटण बसवून देतो, थाप मारली की यंत्र बंद, अर्ध्या तासाचं काम आहे. वहिनी लगेच म्हणाल्या, बसवाच. एवढी एकच गोष्ट त्यांनी त्या कारखान्यासाठी कधी मागितली असेल. दादा हसला.

“घरात माणूस असताना बटण कशाला?” तो म्हणाला.

वायरमनने पंखा दुरुस्त केला आणि तो गेला.

अपघात एका रविवारी सकाळी झाला. मी त्या दिवशी दादाकडेच होतो. प्रत्यक्षदर्शी, शिवाय जन्मभर कचेरीत टिपणं लिहिलेला, म्हणून घटनेचा अहवाल करायचं काम पुढे माझ्याच गळ्यात पडलं. दादा टीव्हीखालच्या टेबलासाठी फळी कापत होता. काम दोन मिनिटांचं होतं. (घरगुती अपघातांपैकी शंभर टक्के अपघात दोन मिनिटांच्या कामात होतात, तासभराच्या कामाला माणूस बाह्या सावरून बसतो.) पहिला काप झाला, दादाने ‘बंद’ म्हटलं, वहिनींनी बंद केलं. मग त्याने त्यांना पेन्सिल आणायला पाठवलं. पेन्सिल शोधायला त्या बेडरूममध्ये गेल्या. तेवढ्यात दादाला वाटलं, पेन्सिलीवाचून काय अडलंय, अंदाजाने कापू. तो स्वतः बाहेर आला, स्विच चालू केला आणि आत गेला. स्विच स्वतः दाबण्याची ही त्याची पहिलीच वेळ.

फळीने पातं मध्येच चावलं. मोटर कण्हू लागली, फळी उसळ्या मारू लागली. दादाने ती दोन्ही हातांनी दाबून धरली. हात सोडावा तर फळी तोंडावर येणार, न सोडावा तर ती पात्याकडे ओढत नेणार. त्याने ‘बंद’ म्हटलं. मग पुन्हा ‘बंद’ म्हटलं, बरंच मोठ्याने. तिसऱ्यांदा नियमावलीतला शेवटचा प्रकार झाला. दादाच्या डाव्या हाताची दीड बोटं गेली.

इस्पितळात चौदा माणसं भेटायला आली. त्यांपैकी तेरा जणांनी दादाच्या हाताकडे पाहिलं, चुकचुकले आणि वहिनींकडे वळून एकच प्रश्न विचारला: तू होतीस कुठे? आत्याने विचारलं, मामाने विचारलं, वहिनींच्या सख्ख्या बहिणीनेही विचारलं. पट्टी बदलायला आलेल्या डॉक्टरांनीही विचारलं, पण ते भेटायला आलेले नसल्याने मोजलेले नाहीत. चौदावा वायरमन होता. त्याने विचारलं, करवत अजून लावलेलीच आहे का? ती लावलेलीच होती. तो घरी जाऊन वायर काढून आला. चौकशी कशी करतात याचा त्याला अनुभव दिसत नव्हता.

रीतीप्रमाणे मी वहिनींचा जबाब घेतला. त्या कॉटच्या पायथ्याशी बसल्या होत्या. पेन्सिल अजून त्यांच्या हातात होती.

“भाऊजी, पेन्सिल आणायला यांनीच पाठवलं होतं,” त्या म्हणाल्या. “तसं लिहा.”

मी लिहिलं: ‘नेमून दिलेली जागा सोडल्याचं मान्य करतात.’

अहवालाचा निष्कर्ष असा: यंत्र निर्दोष. चालक अनुभवी. स्विचची हलगर्जी. शिफारशी तीन आहेत. एक, घरात पेन्सिली मुबलक ठेवाव्यात. दोन, मोठा पॉइंट स्वयंपाकघरात, शेगडीशेजारी न्यावा, म्हणजे दोन्ही कामं एका जागी उभ्याने होतील. तीन, वहिनींचे कान तपासून घ्यावेत. दादाला अहवाल फार आवडला. उरलेल्या बोटांत पेन धरून त्याने त्यावर सही केली (उजवा हात धड असूनही त्याने मुद्दाम डाव्या हाताने केली, सगळे पाहत होते). सगळ्या नातेवाइकांनी मान्यता दिली. वहिनी काही बोलल्या नाहीत, तेव्हा त्यांचीही मान्यता आहे असं धरलं.

एक बाब अहवालात नाही, कारण ती कोणी विचारली नाही. त्या सकाळी मी पॅसेजमध्ये, स्विचखालच्या खुर्चीत पेपर वाचत बसलो होतो. दादाने माझ्या डोक्यावरून हात घालून स्विच लावला, तेव्हा मी मान जरा बाजूला घेतली. त्याचं पहिलं ‘बंद’ मला स्वच्छ ऐकू आलं. मी ताबडतोब हाक मारली, “वहिनी, दादा बंद म्हणतोय.” दुसऱ्या ‘बंद’ला मी आणखी मोठ्याने हाक मारली. तरी त्या येईनात, तेव्हा मी पेपर ठेवला, उठलो आणि त्यांना बोलवायला बेडरूमकडे गेलो. उठताना स्विच माझ्या खांद्याला घासला. वहिनी पेन्सिल घेऊन धावत आल्या त्या माझ्या अंगावरून, आणि त्यांनी आधी रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या पाहण्याची मला अजून भीती वाटते. त्या कोणाला काही बोललेल्या नाहीत.

चौदा माणसांत एकालाही मला विचारावंसं वाटलं नाही, की तू कुठे होतास. त्यांना मी दोष देत नाही. मी तिथे हजर होतो हे तुम्हाला तर मी स्पष्टच सांगितलं होतं. ‘बंद’ म्हणून दोनदा ऐकू आलं तेव्हा तुम्हीही बेडरूमच्या दाराकडेच पाहत होतात. अहवालावर साक्षीदाराची एक सही अजून बाकी आहे. खाली जागा सोडली आहे, तुमची चालेल.