सायमनमास्तरांची मोकळी जागा

सायमनमास्तर गिटारीवर एक ओळ वाजवायचे आणि मग तितकाच वेळ गप्प बसायचे. आळीत नवीन आलेला भाडेकरू हमखास विचारायचा, "तार तुटली का हो?"

मास्तर मिशनच्या शाळेत गणित शिकवायचे. वर्गात पुस्तकी बोलत, ओट्यावर मात्र अस्सल नेवाशाचं. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत भिंगारच्या छावणीत जॉर्ज नावाचा काळा अमेरिकन शिपाई आला होता. तो रविवारी प्रार्थनेला यायचा. त्याने मास्तरांना आपली जुनी गिटार दिली आणि ब्लूज नावाच्या त्याच्याकडच्या उदास गाण्याचं दुखणं जडवलं. वर्षभर संध्याकाळी मास्तर ओळ वाजवत, जॉर्ज माउथ ऑर्गनवर उत्तर देई. मग त्याची पलटण ब्रह्मदेशाकडे गेली.

मास्तर बोटाने तार वर ढकलून दोन सुरांच्या मधलाच सूर काढत. मी भजनी मंडळाचा पेटीवाला. गिटार बेसूर लागलीय, असं त्यांना समजावायला गेलो.

"तुमच्या पेटीत ह्यो सूर न्हाईच," ते म्हणाले. "त्याला गिटार काय करनार?"

दहा सूर येत असले तरी तीनच वाजवायचे, हा त्यांचा आणखी एक नियम. "एक बोलावं, मग हात आवरावा," हे ते पोरांना, भाजीवालीला आणि ताना लांबवणाऱ्या आमच्या बुवांनाही ऐकवत. बुवांनी महिनाभर अबोला धरला.

नाताळात चर्चमध्ये वाजवू द्या, म्हणून मास्तरांनी पाळकसाहेबांकडे सहा महिने खेटे घातले. अखेर परवानगी मिळाली. मास्तरांनी पहिली ओळ वाजवली आणि हात आवरला. पाळकसाहेबांना वाटलं, संपलं. ते "आमेन" म्हणाले आणि मंडळी चहाकडे वळली.

मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी पेटी घेऊन त्यांच्या ओट्यावर गेलो. ते ओळ वाजवून थांबले, तशी मी ती जागा माझ्या मते झकास भरून काढली. मास्तरांनी तारांवर तळवा ठेवला.

"ग्वाड वाजवलंत," ते म्हणाले. "पर ती जागा जॉर्जची हाय."

जॉर्जला त्यांनी तीन पत्रं पाठवली होती. एकाचंही उत्तर आलं नव्हतं. लढाई संपून किती वर्षं झाली, हे गणिताच्या मास्तरांना मी काय सांगणार?

"सुचायला येळ लागतो एकेकाला," ते खाली बघत म्हणाले. "आपन हात आवरावा."

मी भाता मिटला. त्यांनी पुन्हा तीच ओळ वाजवली आणि थांबले. जी जागा मी पेटीने भरायला गेलो होतो, तिच्यात त्या संध्याकाळी मीही जॉर्जची वाट पाहत बसलो.