पांदेलिसचा नवस

कॉफीच्या अड्ड्यावर त्या दिवशी पांदेलिस गप्प बसला असता तर पुढचं काही घडलंच नसतं. पण गप्प बसणं त्याच्या रक्तातच नव्हतं.

जूनमधली प्रवेशपरीक्षा अजून लांब होती, तरी ग्रीसमधल्या व्होलोस शहरातल्या प्रत्येक बापाला देव आठवला होता. कुणी माणसाच्या उंचीच्या मेणबत्तीचा नवस बोललं होतं. थानासिसनं तर, पोरगा इंजिनियरिंगला लागला तर सिगरेट सोडीन, असं जाहीर केलं. सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. ते पाहून पांदेलिसच्या पोटात दुखायला लागलं. तो म्हणाला, आमची मिर्तो अथेन्सच्या मेडिकलला लागली, तर मी तिनोस बेटावर बंदरापासून मरियममाउलीच्या देवळापर्यंत गुडघ्यांवर रांगत जाईन.

(या माणसानं आयुष्यभर फरश्या विकल्या होत्या; गुडघे टेकून बसवली मात्र एकही नव्हती.)

अड्डा थक्क झाला. निघताना पांदेलिसनं थानासिसला हळूच बाजूला घेतलं. "काळजी करू नकोस," तो म्हणाला. "ती कुठली लागतेय! काल जीवशास्त्राच्या पुस्तकावर गाल टेकून घोरत होती."

हिशेब चोख होता. पोरगी आपटली की भक्ती फुकटात पदरात.

पण पुढच्याच आठवड्यात मिर्तोनं फोन आईच्या स्वाधीन केला आणि खोलीचं दार लावून घेतलं. घरात संचारबंदी लागली. पांदेलिस आवाज बंद करून फुटबॉल बघायचा आणि गोल झाला की बाथरूममध्ये जाऊन नाचायचा. दिवस जाऊ लागले तसा त्याचा जीव टांगणीला लागला. तो लाडीगोडी लावायला लागला. जरा समुद्रावर जाऊन ये गं, डोळे जातील. मैत्रिणींना बोलव. आज क्लास बुडव, मी आईला सांगतो. त्याच्या बायकोला, फोतिनीला, गहिवरून आलं. इतका मायाळू बाप तिनं पाहिला नव्हता.

जुलैच्या शेवटी निकाल लागला. मिर्तो अथेन्सच्या मेडिकलला लागली. फोतिनी रडली, शेजारणी रडल्या. पांदेलिस सगळ्यांत जास्त रडला आणि लोकांनी तो आनंद समजला.

दुसऱ्या दिवशी तो पाद्रीबाबांकडे गेला. गुडघ्यांऐवजी मोठी मेणबत्ती चालेल का, असं त्यानं विचारलं. बाबा म्हणाले, "माउलीनं तुझे गुडघे मागितले नव्हते. तूच दिलेस."

ऑगस्टमध्ये, माउलीच्या सणाला, पांदेलिस तिनोसच्या चढावर रांगत होता. वर ऊन, खाली तापलेला रस्ता, आणि मध्ये त्याचं पोट. ऐंशीच्या घरातली एक आजीबाई त्याला मागे टाकून, "सरक बाळा," म्हणत पुढे गेली. मिर्तो पाण्याची बाटली घेऊन शेजारून चालत होती.

अर्ध्या चढावर तो थांबला. धापा टाकत म्हणाला, "बघ, बापाच्या नवसानं डॉक्टर होतेयस."

"नवसानं नाही," मिर्तो म्हणाली. "तू थानासिसकाकांना जे म्हणालास ना, ते त्यांच्या पोरानं मला दुसऱ्याच दिवशी सांगितलं. तेव्हाच ठरवलं, काहीही करून मेडिकल मिळवायचं आणि तुला रांगताना बघायचंच. रोज पहाटे उठून हेच चित्र डोळ्यांपुढं आणायचे आणि पुस्तक उघडायचे."

पांदेलिसला लाज वाटली. खरंच वाटली, कान लाल होईपर्यंत. आपल्या पोरीला आपण ओळखलंच नाही, असं त्याच्या मनात आलं आणि डोळे भरले. मग त्याच्यातला दुकानदार जागा झाला.

"म्हणजे," तो आशेनं म्हणाला, "यात माउलीचा हात नाही. मग नवसही लागू होत नाही. उठू का?"

"ऊठ की," मिर्तो म्हणाली. "फक्त मागे आई व्हिडिओ काढतेय, आणि तिकडे अख्खा अड्डा लाइव्ह बघतोय."

पांदेलिसनं मागे पाहिलं. फोतिनीनं हात हलवला. तिच्या फोनमधून थानासिसचा आवाज आला, "वहिनी, जरा डावीकडून घ्या. पोटामुळे गुडघे दिसत नाहीयेत."